अक्षरांची घराणी

चिनी शिकायला सुरुवात केली की आकडे फार लवकर अंगावर येतात. सम्राट कांगशीच्या आज्ञेने तयार झालेल्या १७१६ सालच्या शब्दकोशात ४७,०३५ अक्षरं आहेत. ती सगळी कुणालाच लागत नाहीत, हे खरं. पण चीन सरकारने २०१३ साली जाहीर केलेल्या प्रमाण अक्षरांच्या यादीतही ८,१०५ आहेत आणि त्यांतली पहिल्या पायरीची, म्हणजे सर्रास वापरातली, ३,५००. परदेशी विद्यार्थ्यांसाठी असलेल्या एचएसके परीक्षेची २०२१ साली नव्याने आखणी झाली. तिच्या नऊही पायऱ्या चढायच्या तर ३,००० अक्षरं यावी लागतात.

बाराखडीवर वाढलेल्या माणसाला हे पचायला वेळ लागतो. एकदा अक्षरओळख झाली की अर्थ कळो न कळो, समोरचा मजकूर मोठ्याने वाचता यावा, ही आपली सवय. चिनी पानावर अनोळखी अक्षर आडवं आलं की त्याचा उच्चार कसा करायचा तेही ठाऊक नसतं. मग तीन हजार वेगवेगळी चित्रं घोकायची आहेत असं मन घेतं आणि भलेभले तिथेच हात टेकतात.

मला मनापासून सांगायचं आहे ते हे, की ती तीन हजार सुटी चित्रं नाहीत. त्यांच्यात घराणी आहेत. म्हणून पाठांतराची कुठलीही युक्ती मी एकाच कसोटीवर घासून बघते. या युक्तीने आज एक अक्षर लक्षात राहिलं, ठीक आहे. पण उद्या जे अक्षर भेटणार आहे, त्याला तिचा काही उपयोग होईल का?

एक घराणं जवळून बघू. ‘छिंग’ असा उच्चार असलेलं एक अक्षर आहे. वर तीन आडव्या रेघा, त्यांना छेदत खाली उतरणारी एक उभी रेघ, आणि त्याखाली ‘चंद्र’ या अक्षरासारखा दिसणारा, आत दोन आडव्या रेघा असलेला उभट भाग. अर्थ हिरवा, निळा, त्या दोन्हींच्या मधला. आता या अक्षराच्या डाव्या बाजूला पाण्याचे तीन थेंब काढले की होतं ‘स्वच्छ, नितळ’. थेंबांच्या जागी सूर्य ठेवला की ‘निरभ्र’, म्हणजे आभाळ मोकळं असलेला दिवस. सूर्य काढून उभं हृदय ठेवलं की ‘भावना’. बोलण्याची खूण ठेवली की ‘विनंती करणं, बोलावणं’. किडा ठेवला की चतुर, तो पाण्यावर भिरभिरणारा. (चिनीत चतुराचं नाव दोन अक्षरी आहे, हे त्यातलं पहिलं.) या सगळ्यांचा उच्चार ‘छिंग’च, फक्त टोन, म्हणजे आवाजाचा चढउतार, बदलतो. डोळा ठेवला तर ‘डोळा’ या दोन अक्षरी शब्दातलं दुसरं अक्षर होतं, आणि तांदूळ ठेवला तर ‘निवडलेलं, शुद्ध केलेलं, सत्त्व’. या शेवटच्या दोघांचा उच्चार थोडा सरकून ‘जिंग’ होतो.

म्हणजे नवं शिकायला लागलं ते उजव्या बाजूचं एकच अक्षर. डावीकडचे सात भाग पुढे शेकडो ठिकाणी भेटणार आहेतच. आणि याचा दुसरा फायदा मला अधिक मोलाचा वाटतो. ‘निरभ्र’ आणि ‘डोळा’ या दोन अक्षरांत फरक आहे तो एका बारीक आडव्या रेघेचा. सूर्याच्या चौकटीत एक रेघ असते, डोळ्याच्या चौकटीत दोन. छापील मजकुरात भराभर वाचताना ती रेघ दिसतसुद्धा नाही. नुसत्या आकारावर भिस्त ठेवणारा माणूस इथे दर वेळी अडखळतो. डावीकडचा भाग अर्थ सांगतो हे ज्याच्या अंगवळणी पडलं आहे, त्याला हवामानाच्या वाक्यात सूर्यच दिसतो, कारण तिथे डोळ्याचं काही काम नसतं.

चिनी लिपीला आपण सहज चित्रलिपी म्हणून मोकळे होतो. पण सूर्य, चंद्र, झाड, माणूस अशी खरोखरची चित्रं थोडी आहेत. आजच्या अक्षरांपैकी ऐंशी टक्क्यांहून जास्त अक्षरं ‘छिंग’च्या घराण्यासारखी, म्हणजे अर्थाचा एक भाग आणि उच्चाराचा एक भाग मिळून झालेली आहेत. हे काही आजकालच्या शिक्षकांनी शोधून काढलेलं नाही. श्यू शन नावाच्या पंडिताने इसवी सन १००च्या सुमारास ‘श्वोवन ज्येझ’ हा कोश पुरा केला. त्यात ९,३५३ अक्षरं ५४० खुणांखाली लावली होती. या खुणा म्हणजे ज्यांना आज रॅडिकल म्हणतात त्या. कांगशी कोशाच्या काळापर्यंत त्यांची संख्या २१४वर आली. अर्थ आणि उच्चार यांच्या जोडणीतून अक्षर कसं बनतं हे सांगताना श्यू शनने दोन नद्यांची उदाहरणं दिली आहेत. पाण्याचे थेंब अधिक ‘गोंग’ म्हणजे ‘ज्यांग’, पाण्याचे थेंब अधिक ‘खऽ’ म्हणजे ‘हऽ’. दोन्हींचा अर्थ नदी. पहिलं यांगत्सेसाठी वापरलं जायचं, दुसरं पीत नदीसाठी.

इथे नवशिका वैतागतो. ‘गोंग’चं ‘ज्यांग’ कसं झालं? हा असला इशारा काय कामाचा? श्यू शनच्या काळात हे उच्चार जवळजवळचे होते. मधल्या दोन हजार वर्षांत भाषा सरकली, अक्षरं तशीच राहिली. पण हे सरकणं वाटेल तसं झालेलं नाही, आणि ते ओळखायची एक किल्ली आपल्या हातात लहानपणापासून असते. आपली वर्णमाला उच्चाराच्या जागेप्रमाणे लावलेली आहे. कंठ्य एका ओळीत, तालव्य एका ओळीत, ओष्ठ्य एका ओळीत. चिनी घराण्यांतला उच्चार बदलतो तेव्हा बहुतेक वेळा तो आपली ओळ सोडत नाही. ‘छिंग’ आणि ‘जिंग’ दोन्ही तालव्य. ‘खऽ’ आणि ‘हऽ’ दोन्ही घशाकडचे. ‘ग’चा ‘ज’ झाला ती मात्र ओळ ओलांडण्याची जागा आहे, पण तीही ठरावीक आहे. ‘इ’ किंवा ‘य’ शेजारी आला की ‘ग’ पुढे टाळूकडे सरकतो. तांग राजवटीच्या अखेरच्या काळात चिनी पंडितांनी स्वतःच्या भाषेतल्या आद्य व्यंजनांची ओठ, जीभ, दात, घसा अशी वर्गवारी केली, तेव्हा त्यांच्यासमोर बौद्ध ग्रंथांबरोबर आलेली संस्कृत वर्णमालेची मांडणी होती. आपल्या ओळखीची किल्ली त्या कुलपाला लागते यात नवल नाही. तरी मला त्याचा आनंद होतो.

अर्थाच्या भागांबद्दल एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी. दिसणं आणि असणं यांत फरक असतो. ‘चंद्र’ या अक्षरासारखा भाग चेहरा, पाय, यकृत, मेंदू, पोट या सगळ्यांच्या डावीकडे असतो. शरीराचा चंद्राशी काय संबंध, म्हणून लोक कल्पनेचे पतंग उडवत बसतात. तो चंद्र नाहीच, ते ‘मांस’ आहे. जुन्या लिखाणात दोन्हींचे आकार वेगळे होते, पुढे ते एकमेकांत मिसळले. तसाच कानासारखा दिसणारा एक भाग आहे. तो डावीकडे आला तर टेकाड किंवा उंचवटा, उजवीकडे आला तर वस्ती, नगर. राजधानी, उपनगर, शेजारी या अक्षरांत तो उजवीकडे असतो. हे एकदा नीट समजून घेतलं की शरीराच्या अवयवांची आख्खी यादी पाठ करताना डावी बाजू फुकटात मिळते.

आता गोष्टींची युक्ती. अक्षराचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याला एक पात्र द्यायचं आणि त्यांची एक चमत्कारिक गोष्ट रचायची, ही पद्धत आज शिकणाऱ्यांत सगळ्यात लोकप्रिय आहे. तिचा चीनमधला एक जुना प्रयोग मला फार आवडतो. मात्तेओ रिच्ची हा इटालियन जेझुइट धर्मप्रसारक १५८२ साली मकाऊला पोचला आणि पुढे नानचांगमध्ये राहत असताना, १५९६ साली, त्याने स्मरणकलेवर चिनीत एक पुस्तिका लिहिली. ज्यांगशी प्रांताच्या गव्हर्नरची मुलं सरकारी परीक्षांची तयारी करत होती, त्यांच्यासाठी. मनात एक वाडा उभारायचा आणि त्याच्या दालनांत चित्रं ठेवून द्यायची, ही युरोपातली जुनी रीत. रिच्चीने स्वागतकक्षाच्या चार कोपऱ्यांत चार अक्षरं बसवली. ‘युद्ध’ या अर्थाच्या ‘वू’साठी दोन योद्धे, एक भाला उगारतो आहे आणि दुसरा त्याचं मनगट धरून थांबवतो आहे. कारण त्या अक्षरात एक ‘भाला’ आहे आणि एक ‘थांबणं’. ‘लाभ’साठी विळ्याने पीक कापणारा शेतकरी, कारण तिथे धान्य आणि सुरी शेजारीशेजारी असतात. ‘चांगलं’साठी मूल घेतलेली स्त्री. ‘हवं असणं’साठी पश्चिमेकडच्या टोळीतली बाई, कारण वर ‘पश्चिम’ आणि खाली ‘स्त्री’. स्वतः रिच्ची शेकडो सुटी अक्षरं एकदा वाचून सरळ आणि उलट म्हणून दाखवायचा. गव्हर्नरच्या थोरल्या मुलाने पुस्तिका वाचली आणि जे मत दिलं ते रिच्चीनेच नोंदवून ठेवलं आहे. नियम खरे आहेत, पण ते वापरायला आधीच उत्तम स्मरणशक्ती हवी.

त्या मुलाचं म्हणणं मला पटतं. एकेक अक्षरासाठी एकेक चित्र सांभाळायचं म्हटलं तर अक्षरापेक्षा चित्रच जड होतं. शिवाय ‘वू’मधला ‘थांबणं’ हा भाग मुळात पावलाचं चित्र आहे. भाला घेऊन पावलं टाकत निघालेलं सैन्य, असा त्याचा उलगडा आजचे अभ्यासक करतात. ‘भाला थांबवणं म्हणजे खरं शौर्य’ ही व्याख्या श्यू शनच्याही आधीची, इसवी सनापूर्वीच्या इतिहासग्रंथातली आहे. नीतीला धरून आहे, सुंदर आहे, पण अक्षराचा उगम ती नव्हे. श्यू शनसुद्धा काही ठिकाणी चुकला. ‘करणं’ या अर्थाच्या अक्षराचा अर्थ त्याने ‘वानरी’ असा दिला. १८९९ साली प्राचीन अस्थिलेखांकडे विद्वानांचं लक्ष गेलं. कासवाच्या कवचांवर आणि बैलाच्या हाडांवर कोरलेल्या त्या लिखाणात त्याच अक्षराचं सगळ्यात जुनं रूप सापडलं, आणि त्यात एक हात हत्तीला सोंडेशी धरून चालवताना दिसतो. श्यू शनला हे कळायला मार्गच नव्हता, ती हाडं त्याच्या काळात जमिनीखाली होती.

मग रचलेल्या गोष्टी वापरू नयेत का? जरूर वापराव्यात. काही अक्षरं इतकी झिजली आहेत की त्यांच्यात अर्थ दिसत नाही आणि उच्चारही दिसत नाही. १९५६ पासून मुख्य भूमीवर अक्षरं सुटसुटीत केली गेली, तेव्हा तर काही ठिकाणी उच्चाराचा भाग काढून नुसती एक खूण ठेवली गेली. अशा अक्षरांना मी बेलाशक गोष्ट रचते. पण ती रचलेली आहे हे लक्षात ठेवते, आणि जिथे खरा उलगडा उपलब्ध आहे तिथे तोच घेते. हत्ती चालवणारा हात मला कुठल्याही रचलेल्या गोष्टीपेक्षा घट्ट आठवतो. आणि ‘मांस’ हे ज्ञान तर शंभर अक्षरांना पुरतं.

चिनी माणसं स्वतः काय करतात हे बघण्यासारखं आहे. ‘चांग’ आडनावाची दोन माणसं भेटली की आपलं कुठलं ते सांगावं लागतं, कारण अक्षरं दोन आहेत. एक म्हणतो ‘धनुष्य-लांब चांग’, दुसरा म्हणतो ‘उभा-सकाळ चांग’. ली आडनावाचा माणूस ‘झाड-मूल ली’ म्हणतो, चन आडनावाचा ‘कान-पूर्व चन’. (तो कान खरं म्हणजे डावीकडचं टेकाड आहे, पण ओळख पटवायला कान पुरतो.) तोंडाने अक्षराचे तुकडे बोलायचे, इतकी साधी ही रीत. मी ती जशीच्या तशी उचलली. प्रत्येक भागाला एक मराठी नाव ठरवून ठेवलं आहे आणि लिहिताना ती नावं मोठ्याने म्हणते. ‘थेंब, छिंग.’ ‘सूर्य, छिंग.’ हात, कान आणि डोळे एकाच वेळी कामाला लागतात. तुकडे दोन किंवा तीनच असले पाहिजेत. पंधरा रेघांचं अक्षर पंधरा रेघा म्हणून कुणाच्याच लक्षात राहत नाही.

हाताबद्दल मी ठाम आहे. हल्ली बरेच लोक म्हणतात की लिहायची गरज काय, फोनवर रोमन अक्षरांत उच्चार टाकला की अक्षर समोर येतं. ते शक्य झालं १९५८ साली मान्य झालेल्या पिनयिनमुळे, म्हणजे चिनी उच्चार रोमन लिपीत लिहिण्याच्या पद्धतीमुळे, आणि पिनयिनचे उपकार मी मानते. पण चिनी लोकांमध्येच ‘लेखणी उचलली आणि अक्षर विसरलो’ ही तक्रार रूढ झाली आहे ती याच सोयीमुळे. अक्षर ओळखता येणं आणि कोऱ्या कागदावर उतरवता येणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे त्यातून दिसतं. बीजिंगमधल्या शाळकरी मुलांवर झालेल्या आणि २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वाचनाचा संबंध लिहिण्याच्या कौशल्याशी घट्ट असल्याचं आढळलं होतं. सगळी तीन हजार अक्षरं हाताने लिहावीत असं मी म्हणणार नाही. पण सुरुवातीची काहीशे लिहावीत, मूळ भाग बोटांत उतरेपर्यंत. त्यानंतरची नुसती वाचायला शिकली तरी चालतं, कारण ती त्याच भागांची बनलेली असतात.

लिहायचं तर रेघांच्या क्रमाने. आधी आडवी मग उभी, वरून खाली, डावीकडून उजवीकडे, चौकट असेल तर आतला ऐवज भरून झाल्यावर तळाची रेघ. हा क्रम शिस्तीसाठी नाही. हात दर वेळी एकाच वाटेने गेला की ती वाट हाताला पाठ होते, आणि मग डोक्याला आठवेना तेव्हा बोट आठवून देतं. चिनी माणूस अडला की तळहातावर किंवा हवेत बोटाने लिहून बघतो, ते याचसाठी. सरावासाठी चार किंवा आठ भागांत रेघा आखलेल्या चौकटींची वही वापरतात. त्या रेघांमुळे कुठली रेघ किती लांब हे चटकन नजरेत भरतं, आणि ते महत्त्वाचं असतं. ‘अजून नाही’ आणि ‘शेवट’ ही दोन अक्षरं घ्या. दोन्हींत एक झाड आणि त्यावर एक जास्तीची आडवी रेघ. ‘अजून नाही’मध्ये वरची रेघ आखूड आणि खालची लांब, ‘शेवट’मध्ये वरची लांब आणि खालची आखूड. ‘शेवट’मधली वरची लांब रेघ झाडाचा शेंडा दाखवते, टोक, म्हणजे शेवट. हे कळलं की पहिल्या अक्षराचा प्रश्न आपोआप सुटतो. अशा जुळ्या अक्षरांतलं एक पक्कं होईपर्यंत दुसऱ्याला हात लावू नये. दोन्ही एकाच दिवशी शिकली की ती कायमची एकमेकांत अडकतात.

उजळणीबद्दल फार बोलायला नको. वाढत्या अंतराने उजळणी करावी, हे हर्मन एबिंगहाउसने १८८५ साली विस्मरणावरचे प्रयोग प्रसिद्ध केले तेव्हापासून हळूहळू पक्कं होत गेलं आहे. सेबास्टियन लाइटनरने १९७०च्या दशकात त्यासाठी खोक्यांतल्या कार्डांची पद्धत सांगितली आणि २००६ पासून आंकी नावाचं मोफत सॉफ्टवेअर तेच गणित आपल्यासाठी करतं. माझा आग्रह एवढाच, की कार्डावर सुटं अक्षर कधी ठेवू नये. शब्द ठेवावा, जमलं तर वाक्य. चिनीतले बहुतेक शब्द दोन अक्षरी आहेत आणि शेजारचं अक्षर ही सगळ्यात मोठी आठवण असते. प्रश्न अर्थाकडून असावा, उत्तर कागदावर लिहून द्यावं. अक्षर बघून ‘हो, येतं’ म्हणणं फार सोपं असतं.

सहाव्या शतकात ल्यांग घराण्यातल्या सम्राट वूने चौ शिंग्स या आपल्या दरबाऱ्याला हजार वेगवेगळी अक्षरं दिली आणि त्यांतून अर्थपूर्ण रचना करायला सांगितलं. एकाही अक्षराची पुनरुक्ती न करता चार चार अक्षरांच्या अडीचशे ओळी त्याने यमकात बांधल्या. हे काम त्याने एका रात्रीत केलं आणि सकाळी त्याचे केस पांढरे झाले होते, अशी आख्यायिका आहे. पुढे शतकानुशतकं चिनी मुलं या ‘छ्यनझवन’वरून अक्षरं शिकली. अर्थ कळायच्या आधी ओळ पाठ व्हायची आणि मग ओळीतली जागा अक्षराला धरून ठेवायची. जुनी भाषा असल्यामुळे आज शिकणाऱ्याला तो मजकूर जड जातो, पण त्यामागचा विचार घेण्यासारखा आहे. मी चार-सहा ओळींचे छोटे परिच्छेद तोंडपाठ करते आणि न बघता लिहून काढते. नेमकं कुठलं अक्षर कच्चं आहे ते तिथे उघडं पडतं.

सध्या ‘बाओ’चं घराणं चालू आहे. ‘बाओ’ म्हणजे गुंडाळणं, पिशवी. श्यू शनच्या मते मुळात पोटातल्या गर्भाचं चित्र. त्याला हात लावला की एक अक्षर होतं, पाऊल लावलं की दुसरं, मग अन्न, पाणी, आग, कापड आणि आपलं नेहमीचं ‘मांस’. अर्थ असे आहेत: झगा, पोट भरलेलं असणं, तोफ, मिठी मारणं, पळणं, बुडबुडा, आणि एकाच कुशीतलं भावंड. उच्चार ‘बाओ’ किंवा ‘पाओ’, दोन्ही ओष्ठ्य. कुठला भाग कुठल्या अर्थाला जातो ते चिनीचं एकही अक्षर न येणाऱ्या वाचकालाही सांगता येईल. कागद घेऊन जोड्या लावून बघा.